पॅशन म्हणजे काय, आणि आवड, उत्साह, व्यसन यांहून ती वेगळी कशी?

नोकरीच्या जाहिरातीत 'पॅशनेट उमेदवार हवेत' असं छापलेलं असतं. प्रवेशाच्या मुलाखतीत सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला 'तुझी पॅशन काय?' असं विचारतात आणि तिनं लगेच उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. चाळिशी उलटलेल्यांना 'अजून वेळ गेलेली नाही, पॅशन शोधा' असं ऐकवलं जातं. शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण अर्थ विचारला तर बहुतेक जण एवढंच सांगतात: एखादी गोष्ट खूप म्हणजे खूपच आवडणं. मग ज्यांना कुठलीच गोष्ट इतकी आवडत नाही त्यांना वाटू लागतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

हा समज खोडून काढायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्यापायी काही माणसं विनाकारण झुरतात आणि काही जण स्वतःच्या जिवाशी खेळतात. भावना किती जोरात उसळते यावरून पॅशन ओळखता येत नाही. ती ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत आणि त्या समजून घेणं फारसं अवघड नाही.

## भावना येते आणि जाते

राग येतो, तासाभरात निवतो. आनंदाची बातमी कळते, दोन दिवसांनी ती जुनी होते. समोर काहीतरी घडतं, मन आणि शरीर त्याला प्रतिसाद देतात आणि प्रसंग सरला की तो प्रतिसादही ओसरतो. याला आपण भावना म्हणतो. जुन्या युरोपीय तत्त्वज्ञानात भावना आणि पॅशन यांच्यात असा भेद नव्हता. रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1649 साली पॅशनच्या सहा मूळ जाती सांगितल्या: विस्मय, प्रेम, द्वेष, इच्छा, आनंद आणि दुःख. मनाला हलवणारं जे जे काही, ते सगळं त्याच्या लेखी पॅशनच होतं.

पुढे 1739-40 च्या सुमारास डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं एक बारकावा टिपला. मला तो आजही फार मोलाचा वाटतो. पॅशन खळबळ माजवणारी आहे म्हणून ती बलवान असतेच असं नाही, आणि शांत आहे म्हणून ती दुबळीही ठरत नाही, असं त्यानं म्हटलं. एखादी ओढ माणसाच्या वागण्यात पक्की मुरली की ती मनात फारशी खळबळ करत नाही, तरीही त्याचे निर्णय तीच घेत असते. चाळीस वर्षं रोज पहाटे रियाज करणाऱ्या गायकाला विचारा. रोज पहाटे त्याचं मन उचंबळून येत नाही. तो उठतो आणि तानपुरा जुळवतो.

घराचं उदाहरण घेऊ. भावना म्हणजे पाहुणा. तो येतो, घर गजबजून जातं, मग तो निघून जातो. पॅशन म्हणजे घरातलंच माणूस. त्याची स्वतःची खोली असते, घरखर्चात त्याचा वाटा धरलेला असतो आणि कुठलाही मोठा बेत ठरवताना त्याचं मत घेतलं जातं. ते दिवसभर बोलत असेल असं नाही, पण ते घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

## मग तिच्या खुणा कोणत्या?

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक व्याख्या मांडली. या विषयावरचं बरंचसं संशोधन आजही तिच्यावर उभं आहे. त्यांच्या मते पॅशन म्हणजे एखाद्या कृतीकडे असलेला प्रबळ कल. ती कृती माणसाला आवडते, महत्त्वाची वाटते आणि तो तिला नेमानं वेळ आणि शक्ती देतो. आणखी एक गोष्ट अशी की ती कृती त्याच्या ओळखीचा भाग बनते. 'मी बुद्धिबळ खेळतो' म्हणणारा माणूस 'मी बुद्धिबळपटू आहे' म्हणू लागतो.

यातला 'वेळ देतो' हा भाग सगळ्यात कमी झगमगीत आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. चित्रकला मनापासून आवडते, तिच्याविषयी बोलताना डोळे चमकतात, पण पाच वर्षांत ब्रश हातात घेतलेला नाही, अशा माणसाला चित्रकलेची आवड आहे. तीही चांगलीच गोष्ट आहे, पण ती पॅशन नव्हे.

या व्याख्येनं एक दिलासाही मिळतो. व्हॅलरँड यांनी पाचशेहून जास्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा 84 टक्के विद्यार्थ्यांना कुठल्या ना कुठल्या गोष्टीची निदान मध्यम प्रमाणात पॅशन असल्याचं आढळलं. त्यात खेळ होते, संगीत होतं, वाचन होतं. म्हणजे ही काही मोजक्या असामान्य माणसांना मिळालेली देणगी नाही.

## आवड, छंद, उत्साह, महत्त्वाकांक्षा

आवडीला काहीच द्यावं लागत नाही. पाऊस आवडतो, विषय संपला. छंदाला वेळ लागतो, पण तो हलका असतो. महिनाभर जमलं नाही तरी माणूस बेचैन होत नाही. उत्साह ही मनाची आणि शरीराची तात्पुरती अवस्था आहे. नवीन काम हाती घेतलं की तो उसळतो आणि पहिली अडचण आली की त्याची परीक्षा होते. (एक गोष्ट सांगून ठेवतो: काही दिवस झोपेची गरजच वाटेनाशी झाली, डोक्यात एकामागून एक मोठमोठ्या योजना येऊ लागल्या, बोलणं आणि खर्च आवरेनासा झाला, तर त्याला पॅशन समजून कौतुक करू नये. ते उन्मादाच्या आजाराचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना दाखवावं.)

तल्लीनता हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात तिचा अभ्यास केला. कामाचं आव्हान आणि आपलं कौशल्य बरोबरीचं असलं की माणूस वेळेचं भान विसरतो, असं त्यानं दाखवलं. पण एखादं चांगलं कोडं समोर आलं तरी अशी तल्लीनता लागते. कोडं सुटलं की ती संपते.

खरा घोटाळा होतो तो महत्त्वाकांक्षेशी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: तीच मेहनत, तीच चिकाटी, तेच लवकर उठणं. फरक ओळखायचा एक मार्ग आहे. समजा एखाद्या जलतरणपटूच्या गळ्यात उद्या कोणी सुवर्णपदक घातलं आणि म्हटलं, आता पोहण्याची गरज नाही. निव्वळ महत्त्वाकांक्षा असेल तर सुटकेचा श्वास निघेल. पॅशन असेल तर पदक घेऊनही प्रश्न पडेल, मग मी पोहू केव्हा? महत्त्वाकांक्षेत कमीपणा आहे असं मी मानत नाही. अनेकदा दोन्ही एकाच माणसात नांदतात. पण कृतीच नकोशी झाली आणि फक्त फळ हवं असेल, तर त्याला पॅशन म्हणून स्वतःची समजूत घालण्यात अर्थ नाही.

## आणि प्रेमातली पॅशन?

तिथे या शब्दाचा अर्थ थोडा बदलतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी 1986 साली प्रेमाचे तीन घटक सांगितले: जवळीक, पॅशन आणि बांधिलकी. यातली पॅशन म्हणजे शारीरिक आकर्षण आणि त्या व्यक्तीचाच ध्यास. ती एकटीच असेल तर त्यांच्या मांडणीनुसार तो केवळ मोह ठरतो. जवळीक म्हणजे मन मोकळं करता येणं, बांधिलकी म्हणजे राहायचं ठरवणं. या दोन्ही गोष्टी सावकाश वाढतात. पॅशन मात्र झपाट्यानं चढते आणि तशीच उतरूही शकते. म्हणून नात्यातला सुरुवातीचा भर ओसरला की 'प्रेम संपलं' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तीनपैकी एक घटक कमी झालेला असतो, बाकीचे दोन कदाचित तेव्हाच घट्ट होत असतात.

## एकच पॅशन, दोन तऱ्हा

व्हॅलरँड यांच्या मांडणीतला सगळ्यात उपयोगी भाग आता येतो. पॅशन दोन प्रकारची असते. एकीला सुसंवादी म्हणू, दुसरीला पछाडणारी. दोन्हींत आवड तेवढीच, वेळ तेवढाच, तळमळही तेवढीच असू शकते. फरक असतो तो ताब्याचा.

सुसंवादी पॅशनमध्ये ती कृती माणसानं मोकळेपणानं आपलीशी केलेली असते. तो ती करतो, थांबवायची वेळ आली की थांबवतो आणि जेवताना जेवतो. पछाडणाऱ्या पॅशनमध्ये त्या कृतीला काहीतरी टांगलेलं असतं: आपली किंमत, लोकांची मान्यता, हरण्याची भीती. मग ती करताना आनंद असतो, पण न करताना अपराधीपणा कुरतडत राहतो. घराच्याच भाषेत सांगायचं तर पहिलीकडे एक खोली आहे, दुसरीनं सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावल्या आहेत.

याचे परिणाम अगदी अंगावर दिसतात. 2003 च्याच अभ्यासात सायकलस्वारांची तपासणी झाली होती. कॅनडाच्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतं आणि सायकल चालवणं धोक्याचं होतं. तरीही सायकल चालवत राहिलेल्यांमध्ये पछाडणाऱ्या पॅशनचं प्रमाण जास्त आढळलं. 2006 साली नर्तकांच्या अभ्यासातही तसंच दिसलं. ज्यांची पॅशन पछाडणारी होती ते दुखापत अंगावर काढून नाचत राहण्याकडे झुकत आणि त्यांची दुखणी जुनाट होण्याशी त्याचा संबंध दिसला. अशा अभ्यासांतून संबंध कळतो, अमुक कारणामुळे तमुक झालं असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही नृत्य शिकवणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी. दुखऱ्या घोट्यावर नाचणाऱ्या मुलीला टाळ्या मिळतात आणि विश्रांती घेणारीकडे 'हिच्यात ती आग नाही' अशा नजरेनं पाहिलं जातं.

या दोन तऱ्हा जन्मजात नसतात. पहिल्यांदाच वाद्य शिकायला बसलेल्या शाळकरी मुलांचा काही महिने मागोवा घेतला, तेव्हा मोठ्यांच्या वागण्याशी या तऱ्हांचा संबंध दिसला. निवडीची मोकळीक मिळालेल्या मुलांची पॅशन सुसंवादी होण्याकडे कल होता. दबाव आणि नियंत्रण असेल तिथे ती पछाडणारी होण्याची शक्यता वाढत होती. 'तू वाजवतोस म्हणून तू आमचा लाडका' असं मुलाला, न बोलतासुद्धा, कळलं की वाद्याला वाद्यापेक्षा फार जड काहीतरी टांगलं जातं.

## 'पण मोठी माणसं वेडी झाल्याशिवाय मोठी होत नाहीत ना?'

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. चार्ल्स डार्विनचंच पाहा. केंब्रिजला शिकत असताना त्याला भुंगेरे जमवण्याचा नाद लागला. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. त्यानं दोन्ही हातांत एकेक पकडला, तेवढ्यात तिसरा, नव्याच जातीचा दिसला. तो सोडवेना म्हणून उजव्या हातातला भुंगेरा त्यानं चक्क तोंडात टाकला. भुंगेऱ्यानं जळजळीत द्रव सोडला, जीभ भाजली, तो थुंकावा लागला आणि तिसराही हातचा गेला. हा किस्सा डार्विननं स्वतःच आत्मचरित्रात लिहिला आहे. तो नाद म्हणजे निव्वळ जमवण्याची पॅशन होती, अंतर्रचना वगैरे काही आपण तपासत नव्हतो, असंही त्यानं तिथेच नोंदवलं आहे.

पण याच माणसाचं पुढचं आयुष्य पाहिलं की चित्र बदलतं. 1846 ते 1854 अशी आठ वर्षं त्यानं शंखांवर, खडकांवर आणि जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नेकल नावाच्या सागरी जिवांवर काम केलं. 1852 मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की बार्नेकलचा माझ्याइतका तिरस्कार आजवर कोणी केला नसेल. आणि तरीही काम पूर्ण केलं. भुंगेऱ्याच्या प्रसंगात उसळी मोठी होती, पण पॅशनची ताकद दिसते ती या कंटाळलेल्या आठ वर्षांत. त्याची तब्येत नाजूक होती हे खरं, पण त्याचा दिनक्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. सकाळी दोन टप्प्यांत काम आणि बाराच्या सुमारास दिवसाचं मुख्य काम आटोपून फेरफटका, अशी त्याची शिस्त त्याच्या मुलानं वर्णन केली आहे. जगाची समज बदलणारं काम अशा थांबणाऱ्या हातांनी झालं.

पछाडलेल्या माणसांकडूनही थोर काम झालेलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पछाडलेपणामुळे जे मोडले, त्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही. म्हणून आपल्याला यशस्वी वेडेच दिसतात आणि वेड हीच यशाची अट वाटू लागते.

## व्यसन कुठे सुरू होतं?

मेंदूत 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, असं अमेरिकी संशोधक केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. डोपामीन हे मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन. ते जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर आपणहून खायला उठत नसत. पण गोड द्राव जिभेवर ठेवला की ते पूर्वीसारखेच ओठ चाटत. म्हणजे आवड शाबूत होती, ओढ गेली होती. व्यसनात याच्या उलट घडतं, असं त्यांचं आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांचं म्हणणं आहे: ओढ वाढत जाते आणि आनंद मात्र वाढत नाही, कित्येकदा कमीच होतो.

पॅशन आणि व्यसन यांच्यातला भेद मला यातून सगळ्यात स्पष्ट दिसतो. पॅशनमध्ये ओढ आणि आवड सोबत चालतात. व्यसनात माणूस नको म्हणत हात पुढे करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. तिथेही किती तास खेळता हा निकष नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला जास्त महत्त्व मिळत जाणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं या गोष्टी पाहिल्या जातात, आणि त्याही साधारणपणे वर्षभर टिकल्या तर. रोज चार तास खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यसनी ठरवणाऱ्या पालकांनी हे निकष शांतपणे वाचावेत.

## 'मला तर काहीच सापडत नाही'

'पॅशन शोधा' या सल्ल्यातच गडबड आहे. कुठेतरी ती तयार असून फक्त दिसत नाहीये, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची रंजक चित्रफीत दाखवली. सगळे खूश झाले. मग त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवडी जन्मतःच ठरलेल्या असतात असं मानणाऱ्यांचा रस इतरांपेक्षा जास्त घसरला. अवघड वाटलं, त्याअर्थी हे आपलं नव्हे, असा त्यांनी ताळा मांडला असावा.

रस वाढतो कसा, याच्या पायऱ्या सुझान हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर यांनी 2006 साली मांडल्या. आधी बाहेरच्या एखाद्या गोष्टीनं कुतूहल चाळवतं, मग परिस्थितीच्या आधारानं ते टिकतं, मग माणूस आपणहून त्या विषयाकडे वळू लागतो आणि शेवटी तो रस स्वतःच्या बळावर उभा राहतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर बाहेरचा आधार लागतो: चांगला शिक्षक, सोबती, हाताशी असलेलं साहित्य. ज्याला हे मिळालं नाही त्याला 'तुझ्यात पॅशन नाही' म्हणणं निव्वळ अन्याय आहे. अठराव्या वर्षी उत्तर नसणं ही तर अगदी साधी अवस्था आहे, कारण शेवटच्या पायऱ्या चढायला मुळातच वर्षं लागतात.

## पैसा, नोकरी आणि पॅशन

पैसा आला की पॅशन मरते, असंही म्हणतात. याला थोडा आधार आहे. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा 1973 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना 'काढलंस तर बक्षीस' असं आधीच सांगितलं. पुढे बक्षीस नसताना ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. पण ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांच्यावर असा परिणाम झाला नाही. बक्षिसाची अट हेच काम करण्याचं कारण बनलं, तेव्हा बिघडलं. हा निष्कर्ष पगाराला जसाच्या तसा लावता येत नाही. घरभाड्याची चिंता डोक्यावर असताना कुठलीच पॅशन सुखानं जगत नाही.

मला जास्त काळजी उलट्या बाजूची वाटते. जे युन किम आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असं दिसलं की एखादा कर्मचारी पॅशननं काम करतो असं कळलं, की त्याला विनामोबदला जादा काम देणं किंवा त्याच्या कामाबाहेरची कामं सांगणं लोकांना जास्त रास्त वाटतं. 'त्याला आवडतंच ना ते' एवढ्यावर भागतं. जाहिरातीतला 'पॅशनेट' हा शब्द वाचताना कामाचे तास आणि पगार यांची ओळही तितक्याच लक्षपूर्वक वाचावी, ती यासाठी.

स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्प्सन यांनी 2009 साली प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पगार कमी, काम घाणीचं, पण प्राण्यांवर जीव. या कामासाठीच आपण घडलो आहोत असं मानणारे कर्मचारी पैसा, वेळ आणि आराम सोडायला जास्त तयार होते. पण ते नुसते सोशिक नव्हते. प्राण्यांची नीट काळजी घेणं हे आपल्याइतकंच संस्थेचंही कर्तव्य आहे, असं तेच सर्वांत ठामपणे मानत. संस्था ते पाळते आहे का आणि आपल्या जिव्हाळ्याचा गैरफायदा तर घेत नाही ना, यावर त्यांची बारीक नजर असे.